बंदराकडचा वारा

इंग्रजी भाषेत 'ऑपॉर्च्यून' म्हणून एक विशेषण आहे. कोशात पाहावे तर त्याचे अर्थ अगदी साळसूदपणे दिलेले आढळतात : समयोचित, प्रसंगोचित, योग्य वेळी घडलेले, सोयीचे. विशेषण तसे भारदस्त. रोजच्या बोलण्यात फारसे न येणारे. त्याची लेक मात्र आपल्याकडे घरोघर नांदते आहे. 'ऑपॉर्च्युनिटी' हा शब्द ज्याने उच्चारला नाही असा मराठी माणूस आता शोधावाच लागेल. मुलाला परदेशी नोकरी लागली तर ती 'ऑपॉर्च्युनिटी', शेजारची जागा विकायला निघाली तर ती 'ऑपॉर्च्युनिटी', आणि दुकानात दोन पातेल्यांवर एक झारा फुकट मिळाला तर तीही 'ऑपॉर्च्युनिटी'! लेकीचा असा बोलबाला झाला, आणि आई बिचारी कोशाच्या पानात बसून राहिली.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शब्दाच्या बाबतीत ही मनाई नाही, हे माझ्यासारख्या नादिष्ट माणसाचे भाग्यच म्हणायचे. शब्दाचे कूळ शोधत गेले की पुष्कळदा एखाद्या राजवाड्यापाशी पोचण्याऐवजी आपण एखाद्या गोठ्यापाशी, चुलीपाशी किंवा खळ्यापाशी जाऊन उभे राहतो, आणि त्यातच खरी गंमत असते. या 'ऑपॉर्च्यून'चा माग काढत गेलो, तेव्हा मी जाऊन पोचलो तो थेट समुद्राच्या काठावर.

लॅटिन भाषेत 'पोर्तुस' म्हणजे बंदर आणि 'ऑब' म्हणजे त्या दिशेला, त्याच्या समोर. 'ऑब पोर्तुम' म्हणजे बंदराकडे. गलबताला बंदराकडे घेऊन येणारा जो वारा, तो 'ऑपोर्तुनुस'. शब्दाची एवढीच कुंडली. त्यात घड्याळ नाही, पंचांग नाही, मुहूर्त नाही. आहे तो फक्त वारा, आणि त्या वाऱ्याच्या वाटेवर असलेले एक बंदर.

आज आपल्याला हा अर्थ कवितेसारखा वाटतो. रोमच्या माणसाला तो पोटाचा प्रश्न होता. रोम शहराच्या भाकरीचा मोठा वाटा इजिप्तच्या गव्हावर अवलंबून असे, आणि तो गहू अलेक्झांड्रियाहून गलबतांनी येई. उन्हाळ्यात त्या समुद्रावर वारे बहुतेक वायव्येकडून वाहतात. त्यामुळे इटलीहून इजिप्तला जाणारे रिकामे गलबत दोनतीन आठवड्यांत सुखरूप पोचे. पण गहू भरून परत निघाले की तोच वारा तोंडावर येई. मग किनाऱ्या-किनाऱ्याने, बेटांच्या आडोशाने, आज इथे तर उद्या तिथे नांगर टाकत परतायला महिना-दोन महिने लागत. त्या काळची चौकोनी शिडांची गलबते वाऱ्याविरुद्ध फारशी झुंजू शकत नसत. अशा वेळी बंदराकडचा वारा सुटणे म्हणजे काय, हे गलबतावरच्या खलाशाला जितके कळे, तितकेच रोमच्या गल्लीत रिकामी थैली घेऊन उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकालाही कळत असले पाहिजे.

शिवाय समुद्र बारा महिने मोकळा नसे. वेगेतियुस नावाच्या रोमन ग्रंथकाराने समुद्राचे वेळापत्रकच लिहून ठेवले आहे. त्याच्या मते ११ नोव्हेंबर ते १० मार्च हे चार महिने समुद्र बंद. २७ मे ते १४ सप्टेंबर हा काळ निर्धोक. बाकीचे दिवस ज्याच्या त्याच्या हिमतीवर. हिवाळ्यात ढगांमुळे तारे दिसत नसत, आणि होकायंत्राविना फिरणाऱ्या त्या नाविकांना ताऱ्यांवाचून दुसरा वाटाड्या नव्हता.

एवढे ज्याच्यावर अवलंबून, त्या बंदराला देव नसता तरच नवल. रोमनांच्या या देवाचे नाव पोर्तुनुस. बंदर आणि दरवाजा या दोहोंचा तो अधिपती, म्हणून त्याच्या हातात किल्ली असे. लॅटिनमध्ये 'पोर्तुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे वेस किंवा दरवाजा; दोन्ही शब्द एकाच घरचे. त्यांचे मूळ 'पलीकडे नेणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूत आहे, आणि आपला 'पार' हा शब्दही त्याच धातूचा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे एखादे कार्य 'पार पडले' असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत आपणही एक होडी पैलतीराला लावत असतो. रोममध्ये टायबर नदीच्या काठी पोर्तुनुसाचे देऊळ अजून उभे आहे. नवव्या शतकात त्याचे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाले, म्हणूनच ते टिकले. व्हर्जिलच्या महाकाव्यात होड्यांच्या शर्यतीचा एक प्रसंग आहे. दोन होड्या अगदी बरोबरीने धावत असतात. त्यांतल्या एकीचा नायक समुद्राच्या देवांना नवस बोलतो, आणि हा पोर्तुनुस आपल्या भल्या मोठ्या हाताने त्याची होडी मागून ढकलतो. पोहायला शिकणाऱ्या पोराला बापाने पाठीला हात लावून पुढे सारावे, तसे ते चित्र मला नेहमी वाटते.

लॅटिनमधून हा शब्द फ्रेंच भाषेत गेला आणि तिथून पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरला. वाटेत त्याचे समुद्राचे पाणी वाळून गेले. वारा गेला, बंदर गेले. 'अगदी वेळेवर' एवढाच अर्थ उरला. त्याचे एक उलट रूपही होते : 'इम्पोर्तुनुस', म्हणजे ज्याला बंदर नाही ते, जिथे लागता येत नाही ते, म्हणून गैरसोयीचे, त्रासदायक. त्यातून इंग्रजीत 'इम्पॉर्च्यून' हे क्रियापद आले. त्याचा अर्थ तगादा लावणे, पिच्छा पुरवणे. शुभवर्तमानात एक दृष्टान्त आहे. मध्यरात्री एक मनुष्य मित्राचे दार ठोठावतो. घरी पाहुणा आला आहे, तीन भाकरी उसन्या दे, म्हणतो. आतला म्हणतो, दार लावले आहे, मुले निजली आहेत, आता उठवत नाही. पण बाहेरचा हटत नाही, आणि शेवटी मैत्रीखातर नव्हे तर त्याच्या चिकाटीखातर आतला उठतो. त्या चिकाटीला जुन्या इंग्रजी बायबलात जो शब्द वापरला आहे, तो या 'इम्पॉर्च्यून'चाच भाऊ. बंदर न मिळालेला माणूस दारे ठोठावतो. त्याला आपण अवेळी आलेला म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती अवेळ नसतेच, घरी पाहुणा उपाशी बसलेला असतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. 'ऑपॉर्च्युनिटी'ला आपण 'संधी' म्हणतो. तिचे कूळ समुद्रापासून फार दूर आहे. संधी म्हणजे सांधा. दोन हाडे जिथे जुळतात तो संधी, म्हणून म्हातारपणी संधिवात. दोन अक्षरे जिथे जुळतात तो व्याकरणातला संधी. दिवस आणि रात्र जिथे भेटतात तो संधिकाल. दोन राज्ये लढून थकली की त्यांच्यात होतो तोही संधीच. पण जिथे सांधा, तिथे फट ही आलीच. संस्कृतात भिंतीला पाडलेल्या भोकालाही संधी म्हणतात, आणि घरफोडीला संधिच्छेद! 'मृच्छकटिक' नाटक ज्यांनी वाचले असेल, निदान देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेले ज्यांना ठाऊक असेल, त्यांना शर्विलक आठवेल. तिसऱ्या अंकात हा विद्वान चोर चारुदत्ताच्या भिंतीपुढे उभा राहून, भोक कमळाच्या आकाराचे पाडावे, चंद्रकोरीचे की पूर्णकुंभाचे, याचा शास्त्रशुद्ध विचार करतो. मोजायची दोरी घरी विसरल्याचे ध्यानात येताच तो जानव्याने माप घेतो. संधी साधणे म्हणजे काय, ते या गृहस्थाकडून शिकावे.

'संधिसाधू' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, आणि इंग्रजीतल्या 'ऑपॉर्च्युनिस्ट'चीही तीच गत आहे. तो शब्द फ्रान्सच्या राजकारणातून आला. १८७० नंतरच्या दशकात गांबेत्ताच्या अनुयायांना त्यांच्या विरोधकांनी हे नाव ठेवले, कारण सुधारणा करायच्या त्या वारा पाहून, हळूहळू, असे त्यांचे धोरण होते. पुढे हा शब्द डॉक्टरांनीही उचलला. शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली की एरवी गप्प बसणारे जंतू डोके वर काढतात, त्याला 'संधिसाधू संसर्ग' म्हणतात. याचे बीजही जुन्या लॅटिनमध्ये आहेच. 'ऑपोर्तुनुस'चा आणखी एक अर्थ होता : उघडे पडलेले, हल्ल्याच्या तोंडी असलेले. जे बंदर घरच्या गलबताला मोकळे, ते शत्रूच्या गलबतालाही मोकळेच असायचे.

पण या शब्दाचा खरा अर्थ ज्याला शिकायचा आहे, त्याने रोमला किंवा कोशाकडे जाण्याचे कारण नाही. त्याने कोकणच्या एखाद्या खाडीच्या तोंडाशी सकाळ-संध्याकाळ बसावे. तिथे दोन वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेच्या सुमारास वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटतो, तो खारा. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. दुपारी तीनच्या सुमारास बायका टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या राहत, त्या घड्याळ पाहून नव्हे. माडाच्या झावळ्या कुठल्या बाजूला झुकल्या आहेत, ते पाहून. 'ऑब पोर्तुम' वाहणारा तो वारा आमच्याकडे रोज दुपारी येत असे. लॅटिन भाषेला त्याचे विशेषण करावेसे वाटले. आम्ही 'वारा फिरला' म्हणून मोकळे झालो.

समुद्राचा दरवाजा आमच्याकडेही बंद होतो, मात्र रोमच्या अगदी उलट. त्यांचा समुद्र हिवाळ्यात मिटे, आमचा पावसाळ्यात मिटतो, आणि श्रावणात नारळी पौर्णिमेला नारळ वाहून आपण तो उघडतो. गमतीचा योग असा की, पोर्तुनुसाचा उत्सव रोममध्ये १७ ऑगस्टला होत असे, आणि आपली नारळी पौर्णिमाही पुष्कळदा त्याच्या आगेमागेच येते. तिथे तो भरात आलेल्या हंगामाचा सण होता, इथे तो हंगामाचा पहिला दिवस.

हा दरवाजा उघडण्याआधी बाहेर पडले की काय होते, ते कोकणातली जुनी माणसे आजही विसरलेली नाहीत. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आषाढातली अमावास्या, दिव्यांची अवस. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसकडे निघाली, ती काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. त्यांतली कितीतरी सणासाठी आपल्या घरी निघालेली होती. बंदर समोर होते, माणसे वाट पाहत होती. वारा मात्र बंदराकडचा नव्हता.

वारा आहे पण बंदर नाही, अशीही गोष्ट घडते, आणि तिचा एक फार जुना दाखला आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक आणि रोमन व्यापारी इजिप्तहून भारतात येत. हिप्पालस नावाच्या एका नाविकाने भर समुद्रातून थेट येण्याची वाट शोधली, असे 'पेरिप्लस' या त्या काळच्या ग्रीक मार्गदर्शिकेत लिहिले आहे. आमच्या आणि अरबांच्या खलाशांना ते वारे त्याच्या कितीतरी आधी ठाऊक असणार. पण पश्चिमेच्या लेखी तो वारा हिप्पालसचा झाला. उन्हाळ्यात निघायचे, नैऋत्य वाऱ्यावर शिडे सोडायची. अरबस्तानच्या टोकापासून केरळातले मुझिरिस चाळीस दिवसांत येते, असे प्लिनीने लिहिले आहे. मग डिसेंबर-जानेवारीत वारे उलटे फिरले की परत जायचे. ही गलबते आपल्याकडेही येत. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांची नावे 'पेरिप्लस'मध्ये आहेत. कल्याणबद्दल त्यात एक चमत्कारिक गोष्ट सांगितली आहे. पूर्वी हे बंदर रीतसर व्यापाराचे होते, पण पुढे सत्ता पालटली आणि तिथे व्यापाराला आडकाठी आली. आता एखादे ग्रीक गलबत चुकून तिथे शिरलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेऊन सोडतात, असे तो लेखक म्हणतो.

त्या गलबतावरच्या खलाशांचा मी कधीकधी विचार करतो. चाळीस दिवसांचा समुद्र ओलांडला, वाऱ्याने दगा दिला नाही, किनारा दिसला, खाडीचे शांत पाणी लागले. आणि दारातून सांगण्यात आले, इथे नाही. याउलट भडोचची खाडी भरती-ओहोटीमुळे भयंकर धोक्याची. पण तिथल्या राजाच्या चाकरीतले कोळी आपल्या होड्या घेऊन थेट समुद्रात सामोरे येत आणि परक्या गलबतांना वाट दाखवत, ओढून आत नेत. एक बंदर सोपे, पण मिटलेले. दुसरे अवघड, पण सामोरे येणारे. वारा दोन्हीकडे एकच होता.

हे सारे मी एकदा माझ्या आत्याला सांगितले होते. तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि शिकलेले लगोलग कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नसे. आत्याचे सासर राजापूरच्या खाडीकाठचे. पायलीभर तांदूळ सुपात घेऊन ती खडे वेचत बसली होती. बंदराकडचा वारा म्हणजे 'ऑपॉर्च्यून', हे ऐकून ती जरा थांबली, आणि म्हणाली, "मग माझ्या वेळेला वारा होता रे. बोटही होती. धक्का तेवढा नव्हता."

धक्का नव्हता, हे तिने कोकणातल्या माणसाला कळेल अशाच अर्थाने म्हटले होते. त्या काळी किनाऱ्यावरच्या बहुतेक बंदरांत मुंबईची बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही, आणि उतारू पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत जात. पडाव आला नाही तर बोट नुसती पाहायची. आत्याच्या बाबतीत असे झाले की, बाविसाव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले. ती सातवी झालेली होती आणि हुशार होती. माझ्या वडिलांनी खटपट करून पुण्याच्या एका संस्थेत तिच्या शिक्षिकेच्या शिक्षणाची सोय केली. होकाराचे पत्र तिच्या हाती पडले ते वैशाख संपता संपता. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीला तीन दिवस होते. सासरच्या वडीलधाऱ्यांनी नाही असे म्हटले नाही. कोणी तसे तोंडावर म्हणतही नाही. "पाऊस तोंडावर आलाय, आता कुठे जातेस? दिवाळीनंतर बघू," एवढेच ते म्हणाले. शेवटची बोट गेली. दिवाळी झाली, समुद्र मोकळा झाला; पण तोवर पुण्याची जागा भरून गेली होती, आणि दुसऱ्यांदा पत्र टाकायला कोणी परवानगी दिली नाही. त्या काळी रेल्वेने कोल्हापूर गाठून घाटाने खाली उतरणारे पुरुष भर पावसातही ये-जा करत. मार्ग नव्हता असे नाही. कोकण रेल्वे १९९८ साली सगळी सुरू झाली, तेव्हा आत्या असती तर हसली असती.

'बैल गेला अन् झोपा केला' अशी आपल्याकडे म्हण आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. वेळ टळून गेल्यावर केलेल्या दाराला आपण हसतो. पण आत्याने तिच्या बैलाची वाट न पाहता दुसऱ्यांसाठी दार केले, ते असे.

पावसाळ्यात तिच्या गावच्या होड्या काठावर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असत. समुद्र बंद म्हणजे जाळी बंद, आणि जाळी बंद म्हणजे एरवी बापाबरोबर होडीवर जाणारी दहा-बारा वर्षांची पोरे मोकळी. शाळेचे तोंड त्यांतल्या फारच थोड्यांनी पाहिलेले. पत्राच्या त्या वैशाखानंतर चार वर्षांनी, एका ज्येष्ठात, आत्याने तिन्हीसांजेला पडवीत कंदील लावला आणि त्यांतल्या तिघांना पाटी देऊन बसवले. पुढच्या पावसात अकरा झाली. लावणीच्या दिवसांत मुली दमून पेंगत, तरी येत. सासूबाईंनी आधी नाक मुरडले. मग घासलेटाचा डबा कंदिलाशेजारी आणून ठेवू लागल्या. नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात पडला की मुलगे पडवीतून उठून जाळ्यांकडे पळत. मुली भातकापणीपर्यंत टिकत. दिवाळीला पडवी ओस पडे. ज्येष्ठात ती पुन्हा भरे. असे तिने सत्तावीस पावसाळे चालवले. ज्या पावसाने तिची बोट घालवली, त्याच पावसाने तिच्या पडवीत मुले आणून बसवली.

आता मला 'ऑपॉर्च्यून' या विशेषणाविषयी जे वाटते ते सांगतो. हे विशेषण आपण वेळेला लावतो आणि तिथेच फसतो. चांगली वेळ, वाईट वेळ अशी काही समुद्रावर तरंगत नसते. नैऋत्येचा वारा मुझिरिसला निघालेल्या व्यापाऱ्याला हवासा, आणि रेवसला निघालेल्या बोटीला काळ. तो अनुकूल की प्रतिकूल, हे ठरते ते बंदर कुठे आहे आणि ते उघडे आहे की नाही, यावर. 'मला संधी मिळाली नाही' असे म्हणणाऱ्याला आपण पुष्कळदा 'तू वारा ओळखला नाहीस' असे म्हणून गप्प करतो. वारा त्याने ओळखलेलाही असतो. त्याला आत घ्यायला पडाव गेला होता का, हे विचारण्याची आपली रीत नाही. आणि बंदर होणे ही तर ज्याच्या त्याच्या हातातली गोष्ट आहे. त्यासाठी वारा लागत नाही, एक कंदील पुरतो.

भाषेला हे सारे पूर्वीपासून ठाऊक असावे. 'मॉन्सून' हा शब्द पाहा. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. आपला मोसम तोच. खलाशांच्या तोंडी त्या काळाचा वारा झाला आणि वाऱ्याचा पाऊस. इंग्रजीत भरती-ओहोटीला 'टाइड' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ वेळ असा होता, पुढे तो पाण्याकडे गेला. 'ऑपॉर्च्यून' उलट वाटेने, पाण्याकडून वेळेकडे आला. आणि आपला रोजचा, दिवसातून शंभरदा तोंडी येणारा शब्द, 'वेळ'? त्याचे मूळ संस्कृत 'वेला'. तिचे अर्थ कोशात शेजारी-शेजारी दिले आहेत : काळ, सीमा, समुद्राची भरती, आणि किनारा. 'वेळ झाली' असे आपण म्हणतो, तेव्हा कुठेतरी किनारा लागलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मी त्या खाडीकाठी गेलो होतो. एका यांत्रिक होडीचा म्हातारा तांडेल सुकाणूशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे फाटके पान चिकटवून त्यातल्या भरतीच्या वेळा बोटाने वाचत होता. चष्मा नाकावर, ओठ हलत होते. मी कोण, कोणाचा, हे कळल्यावर त्याने पानावरचे बोट न उचलता माझ्याकडे पाहिले. "काकींच्या पडवीतला," तो म्हणाला, "दुसऱ्या पावसातला." मग पुन्हा पानाकडे वळून त्याने ती ओळ पुरी वाचली, आकाशाकडे एकदा पाहिले, आणि पोराला नांगर उचलायला सांगितले.